पेटीची दुसरी कडी

माझा आवाज मोठा आहे. इतका, की मी पहिलीच्या वर्गात शिकवायला लागले की शेजारच्या चौथीची मुलं पाढे चुकत. नवरा म्हणायचा, तुला घरात बोलायचं असेल तर अंगणात जाऊन बोलत जा. या आवाजाचं मला कधी कौतुक वाटलं नाही. पण याच आवाजाने मी एकदा माझं अख्खं गाव सरकारी कागदावरून पुसून टाकलं होतं, आणि तेव्हा मी अकरा वर्षांची होते.

आमचं गाव आदिलाबादकडे, जैनथच्या पुढे, पैनगंगेच्या अलीकडच्या काठाला. चाळीस-बेचाळीस उंबरे, कापूस आणि ज्वारी. ज्वारी दाण्यावर आली की पाखरं हाकलायला शेताशेतात माळे उभे राहत, म्हणजे चार उंच बल्ल्या आणि वर फांद्यांची बैठक. आमचा माळा उंचवट्यावर, गाडीवाटेच्या वळणाशी होता. तिथून जैनथकडची वाट कोसभर दिसे. म्हणून गोफणीबरोबर माझ्याकडे आणखी एक काम सोपवलेलं होतं. वाटेवर घोडा दिसला आणि घोड्यावर अंमलदार दिसला, की मी तोंडाशी हात धरून ओरडायचं, "पाखरं बसले होऽऽ!" पाखरं हाकलताना कुणी असं ओरडत नाही, नुसतं हाऽऽ हाऽऽ करतात. त्यामुळे ही हाक कशाची, ते गावातल्या तान्ह्या पोरालाही ठाऊक होतं.

अंमलदार म्हणजे वेठ. तो गावात आला की हाताशी सापडेल त्याला धरी. त्याचं सामान डोक्यावर घेऊन पुढच्या मुक्कामाला पोचवा, घोड्याला कडबा आणा, साहेबाला कोंबडी आणा. घरी पेरणी आहे की बाळंतीण आहे, हे विचारायची पद्धत नव्हती आणि मजुरी मागायची तर छातीच नव्हती. तेव्हा सापडायचंच नाही, ही गावाची युक्ती. हाक आली की माणसं हातातलं टाकून ज्वारीत शिरत. बाया भाकर तव्यावर सोडून पळत. गावात करपलेल्या भाकरीचा वास सुटला की समजावं, सरकार आलं.

मला या कामाचा भारी गर्व होता. माझ्या एका हाकेसरशी मोठमोठे मिशीवाले बाप्ये धोतर सावरत पळताना पाहून मी माळ्यावर बसून हसत असे. हे सगळे कशाला घाबरतात, हे मला कळायचं वय नव्हतं आणि कुणी सांगितलंही नव्हतं.

मग निजामाचं राज्य गेलं. ही बातमी आमच्याकडे मामाने आणली. मामा वांगी-मिरच्या पिकवून आदिलाबादच्या बाजारात विकायचा आणि येताना रिकाम्या टोपलीत बातम्या भरून आणायचा. तो म्हणाला, "आता वेठ बंद. आता कोणी कोणाले धरत नाई." गाव म्हणालं, हो का, फार चांगलं झालं. आणि घोडा दिसला की पळायचं काही गावाने सोडलं नाही. राज्य बदललं होतं, पायांना कुणी कळवलं नव्हतं.

त्याच मामाने मला तीन अक्षरं शिकवली होती. ग, म आणि भ. चौथं अक्षर तो स्वतःच विसरला होता. मी कोळशाने माळ्याच्या बल्ल्यांवर ही तीन अक्षरं इतक्या वेळा काढली की बल्ल्या काळ्या झाल्या. पुढचं अक्षर कसं असेल, या विचाराने मला खरोखर झोप येत नसे. राज्य बदलून वर्ष होत आलं तेव्हा मामाने सांगितलं की नवं सरकार गावोगाव शाळा काढणार आहे. मी त्या दिवशी देवाला काही मागितलं असेल तर ते चौथं अक्षर.

अश्विन महिना होता. ज्वारी हुरड्यात आलेली. दुपारी जैनथच्या वाटेवर घोडा दिसला, वर गिरदावर, म्हणजे तहसिलीतून गावं तपासायला येणारा अंमलदार, आणि मागे डोक्यावर पेटी घेतलेला चपराशी. मी सवयीने उठले आणि बेंबीच्या देठापासून ओरडले. गाव रिकामं झालं. गिरदावर आला, वेशीतून आत गेला, घोड्यावरूनच इकडेतिकडे पाहिलं आणि चिलीम ओढायलाही न थांबता परत गेला. असा झटपट गेलेला अंमलदार गावाने पाहिला नव्हता. त्या संध्याकाळी लोकांनी माझी पाठ थोपटली. कुणीतरी मला गुळाचा खडा दिला. मी तो चघळत चघळत घरी आले.

आठवड्याने मामा बाजारातून आला तो टोपली आपटतच. तहसिलीतला एक कारकून त्याचं वांग्यांचं गिऱ्हाईक होता. त्याने सांगितलं होतं की शाळेसाठी गावांची यादी झाली, आणि यादीत आमच्या गावापुढे 'बेचिराग' लिहिलंय. वस्ती नसलेल्या गावाला महसुली कागदात बेचिराग म्हणत. पटवारी राहायचा दुसऱ्या गावात, त्यानेही मान हलवून दिली असणार. शाळा नाल्यापलीकडच्या गावाला जाणार होती.

"तो गिरदावर घरं मोजाले आलता," मामा म्हणाला. "अन् तुमी सारे ज्वारीत!"

यावर गावाने काय करावं? गाव खूश झालं. पारावर बसलेले म्हातारे म्हणाले, "बेस झालं. गावच नाई म्हनल्यावर वेठीले धरतीन कोनाले?" एकाने तर सगळ्यांना खोबरं वाटलं. मी पाराच्या मागे उभी होते. शाळा आली होती, अगदी वेशीच्या आत येऊन उभी होती, आणि मी तिला ओरडून हाकलून दिलं होतं. गुळाच्या त्या खड्याची चव माझ्या तोंडातून कितीतरी दिवस गेली नाही.

मी बापाकडे गेले. माझा बा गावातला सगळ्यात दांडगा माणूस. पुरात वाहत चाललेली म्हैस त्याने शिंगाला धरून काढली होती. रानडुकराला तो काठीने हाकलायचा. पण चपराशाचा पट्टा दिसला की त्याच्या तोंडचं पाणी पळे, आणि हाक आल्यावर ज्वारीत शिरणाऱ्यांत तो सगळ्यात पुढे असे. मी म्हटलं, मामासोबत तहसिलीत जा, सांग की आम्ही आहोत. तो बैलांना वैरण टाकायला निघून गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हटलं. तिसऱ्या दिवशी तो माळ्याखाली कडबा बांधत होता, तेव्हा मला राग आवरला नाही.

"बा, तू म्हशीपायी पुरात उडी मारतं. मंग त्या गिरदावराले काऊन भेतं? तो का तुले खाते?"

हातातला कडबा टाकून तो माझ्याकडे पाहत राहिला. मला वाटलं आता पाठीत बसणार. पण तो शिडीवरून वर आला आणि माझ्या शेजारी बसला. माळा त्याच्या वजनाने करकरला.

"तू चार वर्साची होती," तो म्हणाला. "मले वेठीले धरलं. साहेबाची बाज डोक्यावर दिली, उलटी. चार पाय वर. तुले मोठी गंमत वाटली. तू हासत हासत मांगं पळून राह्यली होती. मंग तू पडली. गुडघा फुटला. मी बाज ठेवली अन् तुले उचलाले वाकलो. चपराशानं कोरडा मारला. एक मारला, दोन मारले. मी तुले तशीच रस्त्यात ठेवली अन् बाज उचलली."

मला यातलं काही आठवत नव्हतं. गुडघ्यावरचा व्रण तेवढा होता, तो कशाचा ते कधी विचारलं नव्हतं.

"माराचं काई नाई," बा म्हणाला. "मार तं बैलबी खाते. पन तू रडाची थांबली अन् पाहाले लागली. तू माह्याकडं पाहून राह्यली होती पोरी. ते मले पुन्हा नाई पाह्यजे."

त्या दिवशी मला कळलं की माझा बा गिरदावराला घाबरत नव्हताच. तो मला घाबरत होता. माझ्या डोळ्यांना. मला इतकं रडू आलं की मी गोफण खाली टाकून दिली. मग नाक पुसून मी हळूच म्हटलं, "मंग यावेळी मी दुसरंच काई पाहीन ना बा." कुठून सुचलं कोण जाणे. मोठ्या आवाजाच्या माणसाला कधीकधी हळू बोललेलंच कामी येतं.

बा दोनदा तहसिलीला जायला निघाला आणि दोनदा परत आला. एकदा जैनथहून, म्हणे बैलाचा खूर दुखतो. एकदा तर थेट कचेरीसमोरच्या झाडाखालून, म्हणे आज साहेबाचा मूड नव्हता, जसा काही साहेबाचा मूड झाडाला लटकवलेला असतो. मामा हसून हसून बेजार झाला. तिसऱ्या खेपेला बा आत गेला. चपला फाटकाबाहेर काढून, मामाचं उपरणं घट्ट धरून, पण आत गेला. कारकुनाने अर्ज लिहिला, बाने अंगठा उठवला. गाव पुन्हा तपासू, असं उत्तर मिळालं. कधी, ते मात्र सांगितलं नाही.

बा कचेरीतून धडधाकट परत आलेला पाहून म्हाताऱ्यांचाही सूर बदलला, आणि पारावर खल झाला. म्हातारे म्हणाले, कापूस फुटला, सगळी माणसं रानात. तो यायचा अन् रिकामं गाव पाहून पुन्हा जायचा. तेव्हा बा म्हणाला, "पोरगी हाक देईन. तीच हाक. फक्त ह्या टायमाले घराकडं पळाचं." लोक खो खो हसले. पण नाही कुणीच म्हणालं नाही. आमच्या गावात कुणी नाही म्हणालं नाही तर ते हो धरायचं असतं.

दिवाळी झाली. कापसाची पहिली वेचणी, शेतात दहीभात ठेवून सीतादही करायचा दिवस. मी माळ्यावर होते. उशिराची थोडी ज्वारी अजून उभी होती. जैनथच्या बाजूला धूळ उठली, आणि ती घोड्याची धूळ नव्हती. मोटार होती. उघडी, खडखडणारी जीप. आमच्या वाटेवर तोवर मोटार आलीच नव्हती.

मी उठले आणि माझा आवाज गेला. खोटं नाही सांगत. तोंड उघडलं तर नुसती हवा. मला वाटलं, मी हाक दिली आणि लोक सवयीने ज्वारीत पळाले तर? एकदा मीच घालवलेली शाळा मी पुन्हा घालवणार, आणि या वेळी बाच्या अंगठ्यासकट. नाहीच दिली हाक, तर निदान माझा दोष तरी राहणार नाही. हे मनात आलं आणि माझं मलाच ओशाळं वाटलं. भीती अशीच बोलते, अगदी समजूतदार माणसासारखी. मी बल्लीवरच्या त्या काळ्या ग म भ वर हात आपटला आणि ओरडले.

"पाखरं बसले होऽऽ!"

आधी काहीच झालं नाही. मग ज्वारीचे शेंडे हलले, पण ते गावाच्या उलट्या दिशेला, नाल्याकडे हलत होते. आमचा एक काका सवयीने निघाला होता. पाच-सहा पावलांवर शेंडे थांबले. काकाचं मुंडासं वर आलं, त्याने इकडेतिकडे पाहिलं, स्वतःलाच एक शिवी हासडली आणि वळला. तेवढ्यात कापसातून बा बाहेर आला. कमरेला वेचणीची ओटी तशीच बांधलेली. तो गावाकडे पळत होता, आणि ओटीतून कापूस सांडत होता, वाटेभर पांढरा पट्टा. त्याच्यामागे माणसं निघाली. या धुऱ्यावरून, त्या बांधावरून, बाया, पोरं, म्हातारे, सगळे पळत होते आणि सगळे घराकडे पळत होते. असं दृश्य मी जन्मात पुन्हा पाहिलं नाही. मी माळ्यावरून उतरले की उडी मारली ते मला आठवत नाही.

मी पोचले तेव्हा जीप चावडीसमोर उभी होती. प्रत्येक उंबऱ्यात माणसं धापा टाकत उभी. दाराच्या कड्या काढलेल्या. जिला माझी आजेसासू म्हणून सगळे मला चिडवत ती शेजारची आंधळी म्हातारी जोरात म्हणत होती, "लिव बाप्पा, मले पैले लिव, मी जित्ती हाय!" गिरदावर तोच होता. चपराशीही तोच. त्याने जीपमधली लोखंडी पेटी दाखवली, समोर बा उभा होता, आणि चपराशाच्या तोंडातून जुन्या राज्यातला शब्द निघाला.

"ए, पेटी उठा."

बायांनी पोरांना मागे ओढलं. मी बाकडे पाहत होते, डोळे मिटावेत की नाही ते मला कळत नव्हतं. बाने मला पाहिलं. मग तो पुढे गेला. पेटीला दोन बाजूंना दोन कड्या होत्या. त्याने एक कडी धरली, आणि तसाच वाकून थांबला.

"एक कडी तुमी धरा," तो म्हणाला.

चपराशाने गिरदावराकडे पाहिलं. गिरदावराने बाकडे पाहिलं, मग उंबऱ्यांतल्या माणसांकडे. मग तो म्हणाला, "पकड़ो भाई, भारी है."

चपराशाने दुसरी कडी धरली. दोघांनी मिळून पेटी चावडीवर ठेवली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, आमच्याकडे तशी पद्धत नव्हती. पण काकाने इतक्या मोठ्यांदा नाक शिंकरलं की कुत्री भुंकायला लागली, आणि मग सगळे हसले. बाने नाव सांगितलं, आपलं, आपल्या बापाचं, त्याच्या बापाचं. आधी घोगरं, मग नीट. विचारलं नव्हतं तरी बैलांचीही सांगितली.

गावमोजणी झाल्यावर बाने स्वतः घरातून ताकाचा तांब्या आणला. "हे वेठ नोहे," तो म्हणाला, "पाव्हनचार हाय." गिरदावर ताक प्याला आणि हसला. म्हणाला, त्या दिवशी मी घोड्यावरून उतरलोच नाही. राज बदला था. मला वाटलं तुम्ही ज्वारीत काठ्या घेऊन बसलात, जुना हिशोब चुकता करायला. जान की पड़ी थी, जो सूझा वो लिख दिया.

म्हणजे आम्ही त्याला भिऊन ज्वारीत, आणि तो ज्वारीला भिऊन घोड्यावर. मधल्यामध्ये माझी शाळा. याचा मला इतका संताप आला की मी सगळ्यांसमोर ओरडले, "मंग शाळा देता का नाई?" माझा आवाज तुम्हाला सांगितलाच आहे. गिरदावराच्या हातचा तांब्या हिंदकळला. तो म्हणाला, देतो बाई, देतो.

शाळा मारुतीच्या पारावर भरली. चौथं अक्षर न होतं. दिसायला अगदीच साधं निघालं.

पुढे भाषेप्रमाणे राज्यं झाली. राजुऱ्याकडचा भाग मराठी मुलखाकडे गेला, आम्ही तेलुगू राज्यात राहिलो, आणि कचेऱ्यांतल्या पाट्या तेलुगूत झाल्या. गावातली शिकलेली पोरंही म्हणायला लागली, आता आपलं काही खरं नाही. शिक्षिकेच्या जागेसाठी मला आदिलाबादला बोलावलं तेव्हा टेबलापलीकडचे साहेब तेलुगूत विचारत होते. माझे पाय दाराकडे वळायला लागले. मला माझ्या घराण्याचे पाय ठाऊक होते. मग मी म्हटलं, साहेब, मला अर्धं कळतं. राहिलेलं अर्धं तुम्ही हळू बोला, मी वर्षात शिकते. साहेब हसले आणि हळू बोलले. वर्ष नाही, मला दोन लागली.

नेमणूक माझ्याच गावी झाली. रुजू व्हायच्या दिवशी मी गाडीबैलाने आले, पाट्या आणि पुस्तकांनी भरलेली शाळेची पेटी घेऊन. चावडीपाशी गाडी थांबली. दोन-तीन जवान पोरं पेटी उचलायला धावली. बा पारावर बसला होता, म्हातारा झाला होता, पाठ वाकली होती. त्याने काठीनेच पोरांना बाजूला सारलं, काठी काखेत मारली आणि पेटीची एक कडी धरली.

"मास्तरीनबाई," तो म्हणाला, "एक कडी तुमी धरा."

जन्मात पहिल्यांदा तो मला तुमी म्हणाला होता. मी कडी धरली. चावडीपासून शाळा शंभर पावलं असेल. माणसं उंबऱ्यांत येऊन उभी राहिली होती, बाया, पोरं, तो काकासुद्धा. पेटी जड होती, मी भराभर पाय उचलत होते. बा मात्र मुद्दाम हळू चालत होता, सगळ्यांना नीट दिसावं म्हणून.